अकरा कुलपं आणि एक मोकळी हाक

राणीसावरगाव,
होळीच्या आधीचा सोमवार

चि. ........... कमल हिला,

अक्काचा म्हणजे धुरपदाबाईचा आशीर्वाद. (नावाच्या आधी जागा सोडलीय ती चुकून न्हाई. सौ. लिहावं तर तुझा पोरगा वकिलाचा कागद पाठवतो, आन गंगाभागीरथी लिहावं तर माझा हात पुढं सरकत न्हाई. तुझी तू भरून घे.) इकडं गुडघे सोडून बाकी मी खुशाल हाय. लेक-सून दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळीवर गेलेत ते अजून कारखान्यावरच हायेत. म्हैस आटली. तुझी साखरेची गोळी वेळेवर चालू हाय का, का चाकणला जाऊन बी गूळ चोरून खातीस? रामकिशनची कंपनी कशी चालली, सूनबाई मंजुषा कशी हाय, ते कळव. न्हाई कळवलं तरी चालंल, ती रोज काय जेवली त्याचा फोटो आमच्या गल्लीत सगळ्यांच्या फोनावर येतो.

दुसरी इयत्ता शिकलेली बाई एवढं मोठं पत्र कशाला लिहायली, फोन का न्हाई लावला, असं तू म्हणशील. फोन लावला होता बाई. चार बार लावला. पण तुझ्या सुनेनं माझ्या नातवाच्या, म्हारुद्रच्या बँडचं गाणं फोनात घालून ठेवलंय, त्यामुळं इकडून फोन लावला की पलीकडून आधी दाराची कडी वाजते, आन मंग मीच मला इचारते, ‘लिंबाजी, हायस का घरात?’ आपलाच आवाज कानात असा आला की अंगावर काटा येतो. त्याच्या पुढं गाण्यात थोडी मोकळी जागा हाय, आन तुझी सून बराबर त्या जागंत फोन उचलून ‘हॅलो’ म्हणते. तिला म्हणावं, दुसऱ्याच्या नावानं मारलेल्या हाकंला जवाब देऊ नये. का देऊ नये ते पुढं येईल.

रामकिशननं पाठवलेला कागद पोचला. म्हारुद्रकडून दोनदा वाचून घेतला. वकिलानं लिहिलंय की रामकिशनचा बाप लिंबाजी, वय तवा बावन्न, धंदा ऊसतोड, हा नऊ वर्षांपासून बेपत्ता असून, ज्या लोकांना त्याच्याबद्दल ऐकायला मिळण्याचा संभव होता त्यांनी त्याच्याबद्दल काहीही ऐकलेलं नाही, सबब तो मयत समजावा. खाली तुझी सही, आन साक्षीदार म्हणून माझी. घर पोराच्या नावावर करायचं तर हा कागद लागतो हे मला कळतं. तू चिठ्ठीत इचारलंस, अक्का, सही करू का? तर त्याचा जवाब देते. पण सरळ देता येत न्हाई, वाटंत म्हारुद्रचा बँड आडवा पडलाय. तो उचलून बाजूला ठेवल्याशिवाय पुढं जाता येत न्हाई.

म्हारुद्रला नांदेडला पॉलिटेक्निकला घातला होता. (नातू माझा हाय म्हणून सांगते, डोकं बरं हाय, पण ते धडावर राहत न्हाई.) दोन सालाखाली पास झाल्याचा कागद आणायच्या ऐवजी गिटार घेऊन आला. म्हणला, आजी, बँड काढायलोय. मला वाटलं लग्नातला बँड, म्हणून मी खूश झाले, म्हणलं लाल कोट तरी मिळंल. तर तसला न्हाई. रॉक म्हणतेत त्याला. त्यात सगळे एकाच टायमाला वाजवतेत आन कुणी कुणाचं ऐकत न्हाई, आपल्या भावकीच्या बैठकीसारखं. ढोलावर पालमचा योगीराज, बँजो पार्टीत होता तो. त्याला हळू मारता येत न्हाई म्हणून पार्टीनं काढला आन ह्यांनी त्याच गुणावर घेतला. गायला आपल्या पोस्टातल्या आबासाहेबाची वैष्णवी. पोरगी घुमी हाय, पण तोंड उघडलं की घागर खोल आडात उतरल्यागत आवाज निघतो, आन खाली कुठं टेकतो ते कळत न्हाई. आबासाहेबानं पहिले आठ दिवस बोलणं सोडलं, मंग पेपरात तिचा फोटो आल्यावर तेच कात्रण पोस्टाच्या खिडकीला आतून चिकटवलं.

माझ्या घरात त्यांनी तीन दिवस वाजवलं. चौथ्या दिवशी म्हशीनं पान्हा चोरला. तवा मी जी चूक केली ती आता सांगते, कारण तू इथली हायस, तुलाच तिचा अर्थ कळंल. मी त्यांना चाव्या दिल्या.

गल्लीतली दहा घरं दसऱ्यानंतर टोळीवर जातेत आन अकरावं तुझं बंद घर, सगळ्यांच्या चाव्या माझ्याकडं असतेत, हे तुला मालूम हाय. सासूबाईंच्या मागं ते काम माझ्याकडं आलं. दर शनिवारी दिवेलागणीला अकरा दारांवर जायचं, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं, कडी वाजवायची आन घरच्या माणसाच्या नावानं हाक मारायची, हायस का घरात? आन मंग पदर तोंडाला लावून आपणच जवाब द्यायचा, हाय की. हाक मोकळी ठेवायची न्हाई. सासूबाई म्हणायच्या, रिकाम्या घराला हाक मारून जवाब दिला न्हाई, तर घराला कळतं की आपण रिकामं हाव. आन एकदा कळलं की ते कुणाला बी आत घेतं. तर म्हणलं, माझे गुडघे गेले, ही पोरं पाळीपाळीनं अकरा घरांत बोंबलतील तर घरांना सोबत बी होईल आन मला फेरा बी चुकंल. तिथूनच त्यांनी बँडला नाव ठेवलं, ‘अकरा कुलपं’. (माझ्या चाव्यांवरून नाव ठेवलं आन मुलाखतीत सांगतेत की हे माणसाच्या मनाची कुलपं हायेत. मनाची म्हणे!)

अकरा घरांत वाजवून बघितलं आन शेवटी त्यांनी तुझंच घर धरलं. भिंती जाड, वर पत्रा, आवाज गोल फिरतो म्हणे. महिनाभर दुपारचं तिथं वाजवलं. एक दिवस योगीराज काड्या हातात घेऊन माझ्या दारात येऊन उभा राहिला, तोंड पिठागत पांढरं. म्हणला, ‘आजी, मी मारायच्या आधीच वाजायलंय.’ मी म्हणलं, ‘तू मागं पडत असशील. तुझा बाप बी पंगतीला शेवटीच यायचा.’ तो म्हणला, ‘न्हाई ओ, मी काडी उचलून वरच्यावर धरली तरी ठोका पडला.’ मी जाऊन बघितलं. घरात काहीच नव्हतं. पण बाहेर येताना दाराची कडी हाताला लागली ती कोमट होती, पुसाच्या थंडीत, आत्ताच कुणी धरून सोडल्यागत. मी पोरांना म्हणलं पत्रा तापलाय. पोरांना शिकून बी पत्रा आन कडी ह्यातला फरक कळत न्हाई, म्हणून त्यांनी ते मानलं.

त्या वक्ताला बँडला कुत्रं इचारत न्हवतं. पालमला एका लग्नात वाजवायला गेले तर नवरदेवाच्या मामानं दुसऱ्याच गाण्याला वायर उपटली आन जेवू न घालता लावून दिलं. ताडकळसच्या बाजारात ट्रॉलीवर चढून वाजवलं, तर लोकांना वाटलं दातांचं औषध विकायलेत; तासभर थांबून बाया म्हणल्या, बाटली कवा काढता? परभणीला कॉलेजातल्या स्पर्धेत सात पार्ट्या होत्या, त्यात ह्यांचा नंबर आठवा आला म्हणून म्हारुद्र स्वतःच हसून सांगायचा, पण त्या दिवशी भाकर न खाता झोपला. मी म्हणलं, लेकरा, तुमच्या गाण्यात सगळं हाय, फक्त कुणी कुणाला बोलवत न्हाई. लोक कशाला येतील? (हे मी रागानं बोलले होते. आता ते बी मुलाखतीत सांगतो.)

ते त्यानं डोक्यात घेतलं. चाव्या देऊन बी माझ्या जीवाला चैन न्हवतं, म्हणून मी फेरा पुन्हा चालू केला होता. एका शनिवारी तो फोन धरून माझ्या मागं मागं अकरा दारं फिरला आन माझ्या अकरा हाका भरून घेतल्या. त्यातली त्यानं तुझ्या दाराची उचलली. का, तर ती ठोक्यात बसते. आन जवाब कापून टाकला, त्या ठिकाणी चार ठोके नुसतं मोकळं सोडलं. गाणं असं सुरू होतं बघ, की कडी, हाक, मोकळी जागा, आन मंग योगीराज असा काही पडतो की वरचं मडकं खाली यावं. मी म्हणलं, मेल्या, जवाब कुठाय? म्हणला, आजी, त्या गप्पगार जागंतच मजा हाय.

गाणं फोनावर टाकलं आन तीन आठवड्यांत गावात फटफट्या यायला लागल्या. काळे कपडे घातलेली पोरं-पोरी मुंबईहून येऊन कुलपांसोबत फोटो काढायची. एकीनं माझ्या पाया पडून इचारलं, आजी, तुमी हे दुःख कुठून आणता? मी म्हणलं, बाई, गुडघ्यातून. ते तिनं लिहून घेतलं. मंग मुंबईला पहिला मोठा कार्यक्रम झाला, मंग पुण्याला, मंग संभाजीनगरला, प्रत्येक ठिकाणी तिकिटं संपलेली. ज्या मामानं वायर उपटली होती तो आता पालमच्या स्टँडवर सांगत फिरतो की ह्या पोरांना पहिला चान्स मी दिला.

आता नीट वाच, आन सुनेला मोठ्यानं वाचू देऊ नको.

प्रत्येक कार्यक्रमात वैष्णवी कडी वाजवते, सगळे लोक मिळून माझी हाक मारतेत, आन मंग ती मोकळी जागा येते. हजारो माणूस, आन टाचणी पडली तरी ऐकू यावी. मुंबईला त्या जागंत कुणीतरी खाकरलं. पार मागं, लोकं संपतेत त्याच्या बी मागं. कुणी मनावर घेतलं न्हाई. पुण्याला त्याच जागंत आवाज आला, ‘आलो.’ शेताच्या धुऱ्यावरून माणूस ओ देतो तसा, लांबून. लोकांना वाटलं बँडनंच भरून ठेवलंय, टाळ्या पडल्या. म्हारुद्रला वाटलं योगीराजनं केलं, योगीराजला वाटलं वैष्णवीनं केलं, आन वैष्णवी तेव्हापासून कडी वाजवताना डोळे मिटून घेते. संभाजीनगरचा व्हिडिओ मी पोराच्या फोनावर बघितला. हाक झाल्यावर गर्दी मधून आपोआप दुभंगली. लोकं मागं न बघता बाजूला सरली, बाजारात गाडीबैल आल्यावर सरतेत तशी, आन मधी एक वाट पडली. वाटंत कुणी न्हाई. पण दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू मान वळवत न्यायली, पुढं पुढं, कुणी जवळून चाललंय तशी.

परभणीच्या कार्यक्रमाला मला नेलं. मैदानात वीस हजार माणूस. मला स्टेजच्या पायऱ्यांपाशी खुर्ची दिली, वर शाल, हातात पाण्याची बाटली. (संडासाची सोय विचारू नको.) हाक झाली. सगळं गप. आन माझ्या डाव्या हाताला, पायरीवर, कुणी दोनदा खाकरलं, तंबाखू गालात सारली आन वैतागून म्हणलं, ‘आलो, आलो.’ हे वीस हजार माणसांनी ऐकलं आन वीस हजारांनी शिट्ट्या मारल्या. पण त्याच्यामागून, शिट्ट्यांच्या खालून, बारीक आवाजात, ‘आलो, वहिनी.’ हे फक्त मी ऐकलं. कमल, मला जगात वहिनी म्हणणारा एकच दीर होता आन तो तुझा नवरा. मी म्हणलं, ‘नऊ वर्सं तमाशा केलास, लाज वाटत न्हाई?’ बाजूच्या पोरीनं इचारलं, आजी, कुणाशी बोलता? मी म्हणलं, घरच्याशी.

ज्या साली तो गेला त्या साली रामकिशनच्या बारावीपायी तू घरी राहिलीस. म्हणून ट्रकातलं तुला सगळं दुसऱ्याच्या तोंडून कळलं. परतीचा ट्रक बार्शीच्या अलीकडं थांबला, तो उतरला, मुकादमानं डोकी मोजली ती थेट परळीला, एवढंच. मढं सापडलं न्हाई, माणूस सापडला न्हाई. आता तूच हिशोब लाव. मुंबई, पुणे, संभाजीनगर, परभणी. हाकंसरशी चालत येणारा माणूस दर बारीला गावाच्या जवळ यायलाय.

परभणीहून आल्यापासून आपल्या गल्लीतली कुत्री दिवेलागणीला तुझ्या दारापुढं दोन रांगांत बसतेत. मधी एक माणूस जाईल एवढी जागा सोडून. भुंकत न्हाईत. शेपटी हालवतेत.

आन आता म्हारुद्रला एका चॅनेलवाल्यांनी सांगितलंय की पुढचा कार्यक्रम इथंच, गल्लीत, तुझ्या दारापुढं करायचा. येत्या शनिवारी, दिवेलागणीला. हाक खऱ्या दारावर, खऱ्या कडीनं, माझ्याच तोंडून. दिवे लावायची माणसं आजच आलीत. मी न्हाई म्हणलं तर म्हारुद्र म्हणतो, आजी, आता सगळं ठरलं, दोन साल ह्यासाठी मेहनत केली. खरंय, मेहनत केलीय. ते पोरगं त्या आवाजावर नावाला आलं, त्याला तो आवाज कुणाचा हे सांगून काय उपयोग? लिंबाजी गेला तवा ते लहान होतं, त्याचा आवाज बी त्याला आठवत न्हाई.

म्हणून वकिलाचा कागद सोबत परत पाठवते. मी सही केली न्हाई. त्यात लिहिलंय, ऐकण्याचा संभव असलेल्यांनी काहीही ऐकलेलं न्हाई. मी ऐकलंय. मी एकटीनं ऐकलं असतं तर म्हातारीचे कान म्हणून सोडून दिलं असतं, पण वीस हजार साक्षीदार हायेत आन सगळ्यांच्या फोनात ते भरून ठेवलंय. खोट्या कागदावर सही करून ह्या वयात मला कोर्टात उभं राहायचं न्हाई. रामकिशनला राग येईल. येऊ दे.

सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मानानं नमस्कार-आशीर्वाद. पत्र ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातानं पाठवलंय, उद्या सकाळी चाकणच्या चौकात उतरवून घ्यायचा निरोप म्हारुद्रनं रामकिशनला दिलाय. पिशवीत ज्वारीचा हुरडा हाय, तो ड्रायव्हरला नको.

तुझी अक्का,
धुरपदा

ता.क. तू शुक्रवारच्या गाडीनं ये. एकटी ये. खरं तर हेच लिहायला बसले होते, मधी बँड लांबला. शनिवारी मी हाक मारीन, पण जवाब द्यायचा हक्क माझा न्हाई. ते दार तुझं हाय. मी हाक मारली की तू उंबऱ्याच्या आत उभी राहून मोठ्यानं ‘न्हाई’ म्हण. लिंबाजी घरात न्हाई. एवढं म्हणलं की हाक मिटंल आन तू कागदावर खुशाल सही कर, मी बी साक्षीदार होते. आन तुला ‘हाय’ म्हणायचं असंल तर तसं म्हण. मंग तो आत येईल, त्याला जेवू घालावं लागंल, आन तो काय होऊन आला असंल ते मी सांगू शकत न्हाई.

आणखी एक ता.क. वर मी म्हारुद्रला नावं ठेवली ते खरं न्हाई. त्यानं जवाब कापला न्हाई. तुझ्या दाराच्या हाकंमागं कापायला काही न्हवतंच. दहा दारांना मी दर शनिवारी ‘हाय की’ म्हणते, ती माणसं येणारच असतेत, म्हणायला काय जातंय. पण तुझ्या दाराला त्याच्या बदली मी ते म्हणलं असतं तर तो नसल्याचं मीच कबूल केल्यागत झालं असतं. म्हणून मी, तू चाकणला गेल्यापासून प्रत्येक शनिवारी, हाक मारायची आन पदर तोंडाला न लावता गप उभी राहायची. कान लावून. चार ठोके म्हणतो ना म्हारुद्र, तेवढीच. तुला कधी सांगितलं न्हाई. अकरातली ती एकच मोकळी जागा त्याला ठोक्यात बसणारी सापडली, त्यात त्या लेकराचा काय गुन्हा.

तर तू काय म्हणायचं ते तुझं तू गाडीत बसून ठरव. ‘हाय’ म्हण न्हाई तर ‘न्हाई’ म्हण. पण माझ्यासारखी गप उभी राहू नको.